मार्जची गाडी कुठे वळते?

शाळेत असताना मार्ज सिम्पसन म्हणजे माझ्यासाठी निळ्या केसांचा मनोरा आणि घोगरा आवाज, एवढंच. तिशीत १९९० सालचा ‘लाइफ ऑन द फास्ट लेन’ हा भाग पुन्हा पाहिला आणि हसू अर्ध्यावरच थांबलं. होमर बायकोला वाढदिवसाला बोलिंगचा बॉल देतो, त्यावर नाव मात्र स्वतःचंच कोरलेलं! मार्जने आयुष्यात बोलिंग केलेलं नाही. ती रागाने शिकायलाच जाते. तिथे झाक नावाचा शिक्षक तिच्याकडे बघतो. तीन मुलांच्या आईकडे घरात कोणी इतकं लक्ष देऊन बघत नाही. शेवटी एका फाट्यावर तिची गाडी थांबते: इकडे झाकचं घर, तिकडे नवऱ्याचं कामाचं ठिकाण. ती नवऱ्याकडे वळते. या भागाला एमी पुरस्कार मिळाला.

वळणारच होती म्हणा. कार्टूनमधल्या आयांना तोवर इच्छा अशी नव्हतीच. ‘फ्लिंटस्टोन्स’ १९६० मध्ये एबीसीवर रात्रीच्या वेळी सुरू झालं, तेव्हा प्रायोजक होती विन्स्टन सिगारेट. फेब्रुवारी १९६३ मध्ये विल्माला मुलगी झाली. आधी मुलगा ठरला होता, पण बाहुल्या मुलीच्याच जास्त खपतात म्हणून पेबल्स जन्मली, असं सांगतात. मला त्या मालिकेत खरी दिसते ती शेजारची बेटी. तिला मूल होत नाही, हे दुःख एका विनोदी कार्टूनने त्याच वर्षी उघड दाखवलं. मग दारात बॅम-बॅम सापडतो आणि प्रश्न मिटतो. देहाचं नाव कोणी काढत नाही.

पुढे नाव काढणं सोपं झालं. २००९ च्या नोव्हेंबरात मार्ज चक्क ‘प्लेबॉय’च्या मुखपृष्ठावर झळकली. ‘फॅमिली गाय’मधल्या लोइसच्या कामेच्छेवरचे विनोद फॉक्स वाहिनी बिनधास्त दाखवत होती. पण ज्या भागात लोइस मैत्रिणीसाठी सरोगेट होते, ते जोडपं अपघातात जातं आणि ती गर्भपात करते, तो भाग फॉक्सने दाखवायला नकार दिला. २०१० मध्ये तो ब्रिटनमध्ये बीबीसी थ्रीवर लागला, अमेरिकेत डीव्हीडीवर आला. म्हणजे बाईची वासना चालते, तिचा निर्णय नाही.

गेल्या महिन्यात आईला मार्जचा तो भाग फोनवर दाखवला. मला वाटलं, ती झाकबद्दल काहीतरी बोलेल. फाट्याचा प्रसंग संपला, होमर तिला उचलून बाहेर नेतो, तरी आई गप्पच.

मग म्हणाली, “आणि तिच्या त्या खेळाचं काय झालं गं? चांगलं जमायला लागलं होतं की तिला.”

माझ्या ते डोक्यातही आलं नव्हतं.