भद्रावतीचा लाकडी कोळसा

लोखंडाच्या खनिजात लोखंड ऑक्सिजनशी जखडलेले असते. ते सोडवण्यासाठी भट्टीत कार्बन दोन कामे करतो: उष्णता देतो आणि ऑक्सिजन काढून घेतो. हजारो वर्षे हा कार्बन लाकडी कोळशातून आला. १७०९ साली इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बीने दगडी कोळशाचा कोक वापरला आणि हळूहळू जग त्या वाटेने गेले.

म्हैसूर संस्थानात खनिज होते, जंगल होते. दगडी कोळसा नव्हता. म्हणून १९२३ साली भद्रावतीत सुरू झालेली झोतभट्टी लाकडी कोळशावर चालली. या कोळशात गंधक फारच कमी, त्यामुळे लोखंड चांगले निघे. कोळसा करताना सुटणाऱ्या वाफांपासून मेथिल अल्कोहोल आणि डांबरही मिळे.

आता थोडे गणित करू. कार्बनच्या एका अणूने ऑक्सिजनचा एक अणू काढला असे धरल्यास ११२ किलो लोखंडाला ३६ किलो कार्बन, म्हणजे टनाला सुमारे ३२० किलो लागतो. उष्णतेसाठी लागणारा वेगळाच. शिवाय एक किलो कोळशासाठी किमान तीन-चार किलो लाकूड जाते. पुढे भद्रावतीत विजेच्या भट्ट्या आल्या. उष्णतेचे काम विजेने घेतले; ऑक्सिजन काढायला कार्बन लागतच राहिला.

ब्राझीलमध्ये निलगिरीच्या लागवडीवर अशा भट्ट्या आजही चालतात. लाकडी कोळशाला आपण नवीकरणीय म्हणतो, पण ते भट्टीत ठरत नाही. वर्षभरात तोडले तेवढे लाकूड वर्षभरात पुन्हा वाढते का, यावर ते ठरते.