द्वीपक-रोपण आणि प्रतिकार-सहिष्णुतेचा शोध

१९२१ साली टोरांटो येथे इन्शुलिनचा शोध लागला आणि प्रकार-१ मधुमेहाची बालके जगू लागली. रोग मात्र बरा झाला नाही. या रोगात स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या लँगरहान्सच्या द्वीपकांचा नाश रुग्णाचीच प्रतिकारयंत्रणा करते. दात्याची द्वीपके बसविली, तर तीही परकी म्हणून नष्ट होतात. म्हणून द्वीपक-रोपणाचा इतिहास हा शस्त्रक्रियेपेक्षा 'स्व' आणि 'पर' यांच्या ओळखीचा इतिहास आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

त्याचा पहिला धागा रुग्णालयात नव्हे, गोठ्यात सापडला. गर्भावस्थेत रक्ताभिसरण एकत्र झालेली जुळी वासरे मोठेपणीही एकमेकांच्या रक्तपेशी बाळगतात, असे रे ओवेन यांनी १९४५ मध्ये दाखविले. गुरे पाळणाऱ्या आपल्या जिल्ह्यात हा दाखला सहज उमगावा. १९५३ मध्ये बिलिंगहॅम, ब्रेंट व मेडावार यांनी उंदरांच्या गर्भात परक्या पेशी टोचून हीच सहिष्णुता प्रयोगाने घडविली.

१९६७ मध्ये लेसी व कोस्तियानोव्स्की यांनी उंदरांची द्वीपके अलग करण्याची पद्धत मांडली. २००० साली कॅनडातील एडमंटन येथे सात रुग्ण रोपणानंतर इन्शुलिनमुक्त झाले. तथापि पाच वर्षांनी सुमारे दहा टक्के रुग्णच तसे राहिले, आणि प्रतिकार दडपणारी औषधे चालूच होती. हे दडपण होते, सहिष्णुता नव्हे. त्या औषधांची रक्तातील पातळी वारंवार तपासावी लागते. लोणार वा मेहकर तालुक्यातील खेड्यातल्या मुलास त्यापेक्षा माठाच्या गारव्यात जपलेले इन्शुलिनच परवडेल.

महाराष्ट्रात या विषयावरचे काम पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात झाले. डॉ. रमेश भोंडे व सहकाऱ्यांचा मार्ग द्वीपके लपविण्याचा होता. हार्डीकर, रिसबूड व भोंडे यांनी २००० साली कायटोसान-अल्जिनेटच्या सूक्ष्म कवचांत द्वीपके ठेवून, गोठवणीनंतर ती अधिक चांगली टिकतात असे दाखविले. कवचातून शर्करा आत जाते, इन्शुलिन बाहेर येते. प्रतिकारपेशींना मात्र अटकाव होतो. काम प्रयोगशाळेपुरते होते. पण पेशीला आडपडदा देणे आणि शरीराला सहिष्णुता शिकविणे यांतील भेद त्यातून स्पष्ट होतो.

२०२४ मध्ये स्वीडनमधील उप्साला येथे एका रुग्णाच्या हाताच्या स्नायूत जनुकीय बदल केलेली द्वीपके बसविली गेली. परकेपणाच्या खुणा पुसलेल्या पेशी बारा आठवड्यांनंतरही, प्रतिकार दडपणाऱ्या औषधांवाचून, जिवंत होत्या. मात्रा अल्प असल्याने इन्शुलिन सुटले नाही. हाही आडपडदाच, फक्त तो कवचाऐवजी पेशीच्या पृष्ठभागावर आला आहे.