अवंतीची सावली

शाळेत साईन-कोसाईन म्हटलं की माझ्या पोटात गोळा यायचा. कोष्टक पाठ केलं, परीक्षा दिली, विसरून गेले. हे सगळं साहेबाकडून आलं, अशीच माझी समजूत होती. ती मोडली उज्जैनला, क्षिप्रेकाठच्या वेधशाळेत.

तिथे एका गोल ओट्याच्या मधोमध शंकू उभा आहे. आपले जुने ज्योतिषी शंकू १२ अंगुळांचा धरत. दिवस-रात्र समान असतात त्या दिवशी, भर मध्यान्ही, अशा शंकूची सावली उज्जैनला पाच अंगुळांहून जराशी जास्त पडते. शंकू उभा, सावली आडवी, मध्ये काटकोन. टोकाला टोक जोडलं की कर्ण सुमारे १३. एवढ्याशा सावलीवरून गावाचा अक्षांश निघतो, जवळपास २३ अंश ११ कला.

५, १२, १३ म्हटल्यावर मला आमचे महावीराचार्य आठवले. नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळी, या जैन गणितीनं ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. दोन ‘बीजं’ घेऊन अशा आकृती उपजवायची रीत त्यात आहे. ३ आणि २ घ्या. वर्गांची वजाबाकी ५, गुणाकाराची दुप्पट १२, वर्गांची बेरीज १३. बी पेरावं तसा त्रिकोण उगवतो!

आणि साईन? तोही आपलाच. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. सहाव्या शतकात याच अवंतीच्या वराहमिहिरानं ‘पंचसिद्धांतिके’त ज्यांचं कोष्टक दिलं. अरबांनी ज्याचं ‘जीबा’ केलं, पुढे ते ‘जैब’ असं वाचलं गेलं. जैब म्हणजे वस्त्राची छातीवरची घडी. म्हणून लॅटिनमध्ये झालं ‘सायनस’, आणि त्याचं साईन.

अठराव्या शतकात सवाई जयसिंहानं इथे सम्राट यंत्र बांधलं. जिन्याची भिंत म्हणजे काटकोन त्रिकोणच, आणि तिचा चढ गावाच्या अक्षांशाइतका. दिल्लीचा त्रिकोण इथे चालत नाही. १० हात पायाला उज्जैनला उंची लागते सव्वाचार हात, दिल्लीला साडेपाचच्या आसपास. सूर्य एकच, पण प्रत्येक गावाचा त्रिकोण आपल्या जागी खरा. अनेकांत मला प्रवचनात जेवढा कळला नव्हता, तेवढा इथे कळला.

पुढे वेधशाळा ढासळली. १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी ती दुरुस्त करवली. पहिले अधीक्षक गोविंद सदाशिव आपटे. भिंत नुसती उभी करून भागत नाही. चढ चुकला की वेळ चुकते.

उज्जैनचा त्रिकोण कळला. माझ्या गावचा मात्र पन्नाशी उलटली तरी मला माहीत नाही. गच्चीवर बारा बोटांची काठी उभी करून ठेवली आहे. २३ सप्टेंबरची वाट बघते आहे.