हर्निया परत आला? दुर्बिणीच्या ऑपरेशनमधलं ‘टॅप’ आणि ‘टेप’ समजून घ्या

जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन झालं, काही वर्षं बरी गेली आणि त्याच बाजूला परत फुगवटा दिसायला लागला, तर त्याला रिकरंट हर्निया म्हणतात. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, बंद केलेलं तिकीट पुन्हा उघडलं. साधारण चारपैकी एका पुरुषाला आयुष्यात कधी ना कधी जांघेचा हर्निया होतो, त्यामुळे घरात वडील, काका, आजोबा यांच्यापैकी कुणाला तरी हा त्रास असणं नवीन नाही. दुसऱ्या वेळी डॉक्टर म्हणतात, ‘दुर्बिणीने करू.’ मग आपण मोबाइलवर शोधतो आणि टीएपीपी, टीईपी अशा अक्षरांत अडकतो.

आधी पोटाची भिंत बघू. बाहेर कातडी आणि चरबी, मग स्नायूंचे थर, आणि सगळ्यात आत पेरिटोनियम नावाचं पातळ अस्तर. पुरुषांत वृषणाकडे जाणारी शुक्रवाहिनी आणि रक्तवाहिन्या जांघेत याच भिंतीतून बाहेर पडतात, म्हणून ती जागा मुळातच कच्ची. तिथून आतली चरबी किंवा आतडं बाहेर डोकावतं, तोच हर्निया. उपाय म्हणजे पॉलीप्रॉपिलीनची जाळी लावून ती जागा पक्की करणं.

जाळी कुठून लावायची, इथे खरा फरक आहे. चिरा देऊन केलेल्या नेहमीच्या ऑपरेशनमध्ये, म्हणजे लिक्टेनस्टाइन पद्धतीत, ती पुढच्या बाजूने बसते. दुर्बिणीत ती मागून, स्नायू आणि अस्तर यांच्या मध्ये बसते. टायरला आतून लावलेल्या पॅचसारखं समजा: आतला दाब पॅचला भिंतीवर आणखी घट्ट दाबतो.

म्हणूनच हर्निया परत आल्यावर नियम सोपा आहे. पहिलं ऑपरेशन पुढून झालं असेल तर दुसरं मागून करा. पुढच्या बाजूला जुने व्रण झालेले असतात, नसा आणि शुक्रवाहिनी त्यात चिकटलेल्या असतात. तिथे पुन्हा शिरलं तर नस दुखावून जुनाट दुखणं मागे लागू शकतं. मागची बाजू मात्र कोरी असते. उलट, पहिलंच ऑपरेशन दुर्बिणीने झालं असेल तर दुसऱ्या वेळी चिरा देऊन पुढून केलेलं बरं. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. ‘दुर्बीण म्हणजे नेहमीच भारी’ हे गणित इथे चालत नाही.

आता टॅप आणि टेप. दोन्हींत साधारण तीन छोटी छिद्रं, कार्बन डायऑक्साइड वायू आणि तीच मोठी जाळी, सहसा 10 बाय 15 सेंटिमीटरची. टॅपमध्ये सर्जन थेट पोटाच्या पोकळीत शिरतात, आतून अस्तर उघडतात, जाळी ठेवतात आणि अस्तर परत शिवतात. फायदा म्हणजे सगळं नीट दिसतं: दुसऱ्या बाजूलाही हर्निया आहे का, आतडं अडकलंय का, किंवा गेल्या वेळी मांडीच्या मुळाशी असलेला फेमोरल हर्निया नजरेतून सुटला होता का. तोटा म्हणजे आतड्यांजवळ काम चालतं, त्यामुळे त्यांना इजा व्हायची थोडी जोखीम.

टेपमध्ये पोकळीत जातच नाहीत. स्नायू आणि अस्तर यांच्यामध्येच, बऱ्याचदा फुग्याने, जागा करून तिथे काम चालतं. आतड्यापासून लांब, पण जागा अरुंद आणि खुणा ओळखायला अवघड. मध्येच अस्तर फाटलं तर वायू पोटात शिरतो आणि जागा आणखी दबते, मग कधी कधी टॅपवर यावं लागतं. दोन्ही पद्धतींचे निकाल साधारण सारखेच आहेत. माझ्या मते पद्धतीचं नाव विचारण्यापेक्षा, ‘तुम्ही अशी परत आलेल्या हर्नियाची किती ऑपरेशनं केलीत?’ हे विचारा. दुर्बिणीचा हात बसायला वेळ लागतो, पहिल्या 30 ते 50 ऑपरेशनांत चुकांची शक्यता जास्त असते. रोबोटचंही तसंच. बहुतेक वेळा तो टॅपच करतो, फक्त हात यंत्राचे. खर्च वाढतो.

महाराष्ट्राला हे तंत्र नवं नाही. डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी भारतातली पित्ताशयाची पहिली दुर्बिणीची शस्त्रक्रिया 1990 मध्ये मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात केली.

शिरपूरहून धुळ्याला किंवा आणखी पुढे दाखवायला जाणार असाल तर एक काम आजच करा: जुनं डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशन नोट शोधून मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. जाळी पुढून बसवली की मागून, हे त्यातूनच कळतं आणि सगळा निर्णय त्यावर फिरतो. कार्ड सापडलं नाही तर व्रण दाखवा. जांघेत एकच लांब व्रण म्हणजे बहुधा चिरा. बेंबीजवळ बारीक खुणा म्हणजे बहुधा दुर्बीण. प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेलं असेल तर तेही सांगा, कारण मग मागची जागा कोरी नसते. हृदय किंवा फुप्फुसाचा आजार असेल आणि पूर्ण भूल झेपणार नसेल, तर पुढून, फक्त जागा बधिर करून ऑपरेशन होऊ शकतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

फुगवटा अचानक कडक झाला, आत जाईना, खूप दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, तर तारखेची वाट बघू नका. लगेच जवळचं मोठं रुग्णालय गाठा, रात्र असली तरी. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

आणि दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर काही दिवसांत त्याच जागी मऊ सूज दिसली तर लगेच ‘परत आला’ म्हणून घाबरू नका. रिकाम्या जागेत पाणी साठतं, त्याला सेरोमा म्हणतात. बहुतेक वेळा ते काही आठवड्यांत आपोआप जिरतं. तरी तपासणीच्या वेळी डॉक्टरांना दाखवाच.