मादाम क्युरी आणि आमचा डबा

1984 सालच्या पावसाळ्यात आमच्या हिच्या डब्यात एकाएकी दोन पोळ्या वाढल्या. आता पोळी ही काही संशय घेण्याची वस्तू नव्हे. पण लग्नानंतर बारा वर्षं जिनं दुपारी तिसरी पोळी खाल्ली नाही, तिला चार लागू लागल्या तर नवऱ्यानं काय समजावं? चौकशीअंती कळलं, की शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ बदलून आलेत, त्यांचं बिऱ्हाड अजून नाशकातच आहे आणि खाणावळीचं तेल त्यांना बाधतं. त्यानंतर हे गृहस्थ रोज आमच्या घरी येऊ लागले. म्हणजे स्वतः नव्हे, हिच्या बोलण्यातून. "ते म्हणत होते, रात्री दही खाऊ नये." "ते म्हणत होते, यंदा बोनसचं काही खरं नाही." मी काय म्हणत होतो, हे त्या वर्षी कुणी कुणाला सांगितल्याचं आठवत नाही.

ही व्यथा जगात माझी एकट्याचीच, असा माझा समज होता. निवृत्तीनंतर वाचनालयात बसू लागलो तेव्हा कळलं, की माझ्या आधी पॅरिसमध्ये एक बाई यातून गेली होती, आणि तिची अवस्था माझ्याहून बिकट होती. कारण तिच्या नवऱ्याची सहकारी मैत्रीण म्हणजे साक्षात मादाम क्युरी! नोबेल पारितोषिक मिळवलेल्या बाईबद्दल शेजारणीपाशी नाक तरी कसं मुरडणार?

नवऱ्याचं नाव पॉल लांजव्हँ. हा पिएर क्युरींचा विद्यार्थी, स्वतः मोठा पदार्थवैज्ञानिक. 1906 साली पिएर घोडागाडीखाली सापडून गेले. मादाम तेव्हा 38 वर्षांच्या, पदरात दोन मुली. त्यांचे सेव्रच्या मुलींच्या विद्यालयातले तास लांजव्हँनं घेतले. पुढे प्राध्यापक मंडळींनी मिळून आपल्या मुलांसाठी घरगुती शाळा चालवली, तिथे बाई पदार्थविज्ञान शिकवीत आणि हा गणित. एकत्र काम, एकत्र मुलं, एकत्र गप्पा. इकडे घरात झान नावाची बायको, चार मुलं आणि मास्तरकीचा पगार. नवऱ्यानं कारखान्यातली चांगल्या पगाराची नोकरी धरावी असं घरच्यांचं म्हणणं, आणि याला विज्ञान सुटेना. ती भांडणं वाचताना मला फ्रेंच वाटलीच नाहीत.

झानचा संशय काही हवेतला नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. 1910 साली या दोघांनी सोर्बोनपासून जवळच एक जागा भाड्यानं घेतली होती. 1911 च्या वसंतात तिथून पत्रं चोरीला गेली आणि झानच्या हाती पडली. तिच्या बहिणीचा नवरा नेमका वर्तमानपत्रवाला.

त्याच एप्रिलमध्ये लांजव्हँ इटलीत बोलोन्याला एका परिषदेत सापेक्षतेवर बोलला. प्रचंड वेगानं दूर जाऊन परतलेल्या प्रवाशाची दोन वर्षं होतात, तेवढ्यात पृथ्वीवर दोनशे वर्षं उलटतात, असा त्याचा दाखला. शास्त्रज्ञांना हे पटायला वेळ लागला. झानला लागला नसावा. संध्याकाळी सातची वेळ उलटून गेली, की घरी वाट पाहणाऱ्याचं घड्याळ कसं चालतं, ते मीही पाहिलेलं आहे.

नोव्हेंबरात भडका उडाला. दोघंही ब्रुसेल्सला सोल्व्हे परिषदेला गेले होते. आइन्स्टाइन, प्लँक, रदरफर्ड अशी सगळी पंगत तिथे. ती आटोपते न आटोपते तोच 4 नोव्हेंबरला 'ल झुर्नाल'नं हे प्रकरण पहिल्या पानावर छापलं. बाई परतल्या तर घरापुढे जमाव. आणि चारच दिवसांत बातमी आली, की त्यांना दुसरं नोबेल मिळालंय! मग स्वीडनहून आऱ्हेनियस यांचं पत्र आलं, की तूर्त आपण न आलेलं बरं. बाईंनी कळवलं, की पारितोषिक रेडियम आणि पोलोनियमच्या शोधाला आहे, माझ्या खाजगी आयुष्याचा त्याच्याशी संबंध नाही. आणि त्या गेल्या.

दरम्यान गुस्ताव्ह तेरी या संपादकानं पत्रांतले उतारे छापले. तो लांजव्हँचा जुना सहाध्यायी. लांजव्हँनं त्याला द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं. पिस्तुलं आली, साक्षीदार आले. त्यांतले एक गणिती पँलव्हे, जे पुढे फ्रान्सचे पंतप्रधान झाले. आयत्या वेळी तेरीनं पिस्तूल उचललंच नाही. फ्रान्सचा एक मौल्यवान मेंदू आपल्या हातून जायला नको, असं त्याचं म्हणणं. मग समोरच्यानंही गोळी झाडली नाही. सगळे घरी गेले.

या गर्दीत झान कुठे दिसत नाही. तिचं दुःख खरं होतं, पण वर्तमानपत्रात गेलं त्या दिवशी ते तिचं राहिलं नाही. तिथे एकच ओरड होती, परदेशी पोलिश बाईनं फ्रेंच संसार मोडला. आमचा नवरा, आमची मुलं, ही गोष्ट बाजूलाच पडली. डिसेंबरात कोर्टाबाहेर तडजोड झाली, तिच्यात मादामचं नाव नव्हतं. काही वर्षांनी नवरा घरी परतलासुद्धा. महायुद्धात यानं समुद्राखालच्या पाणबुड्या ध्वनिलहरींनी हुडकायची युक्ती काढली. हुडकण्याच्या विद्येत बायको त्याच्या पुढे होती, हे कुठल्या ग्रंथात नोंदलेलं नाही. पुढे मादामची नात आणि लांजव्हँचा नातू यांचं रीतसर लग्न झालं. वरमाईकडून कोण काय बोललं, कळत नाही.

हे सगळं मी हिला परवा वाचून दाखवलं. पर्सची गोष्ट तेवढी सांगितली नाही. 1984 च्या दिवाळीआधी मी हिची पर्स उघडली होती. आत 'त्यांच्या' अक्षरातली कागदांची घडी होती. हात थरथरत होते, खोटं कशाला सांगू? उलगडून पाहिलं तर खात्याच्या बढतीच्या परीक्षेतले प्रश्न आणि समोर उत्तरं. ही परीक्षेला बसणार होती. रोज तासभर तो माणूस तिला शिकवत होता, चार पोळ्या त्यासाठी होत्या. घडी होती तशी ठेवून दिली. पण त्या रात्री झोप लागली नाही, ती त्या अक्षरामुळे नव्हे. नापास झालं तर हसतील, अशी भीती तिला कुणाची वाटत असेल, त्याचा हिशेब करत पडलो होतो.

ही पास झाली. पेढे आधी कचेरीत वाटले गेले. घरी आले ते दुसऱ्या दिवशी, पुडीत तीनच उरले होते.

"झानचं पुढे काय झालं हो?" परवा ऐकून झाल्यावर हिनं विचारलं. पुस्तकात फारसं नव्हतं. तसं सांगितलं.

"वाटलंच," असं म्हणून ही चहा टाकायला उठली.