गोल करवत आणि कारागिराची बोटे

हातकरवत कारागिराबरोबर थकते. यंत्रावरील गोल करवतीला थकवा ठाऊक नाही. चिरलेली फळी मिटून पात्याला आवळू लागली, की पात्याचे मागील दाते तिला उचलून कारागिराच्या अंगावर फेकतात आणि त्या झटक्यात हात पात्यावर जातो. यावरील जुना उपाय अगदी साधा : पात्यामागे उभी पोलादी पट्टी. ती चीर मिटू देत नाही. पुढे ही पट्टी पात्याबरोबर वरखाली होईल अशी बसविण्यात आली.

१९९९ साली अमेरिकेतील स्टीफन गॅस या पदार्थविज्ञान जाणणाऱ्या वकिलाने आणखी पुढे पाऊल टाकले. त्याने पात्यात सूक्ष्म विद्युत्संकेत खेळविला. बोट टेकताच तो बदलतो, आणि अॅल्युमिनियमचा ठोकळा दात्यांत घुसून पाते सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या भागात थांबवितो. मोठ्या कारखानदारांनी ही युक्ती स्वीकारली नाही, तेव्हा त्याने सहकाऱ्यांसह स्वतःच यंत्रे काढली. २००४ पासून ती विकली जाऊ लागली. ठोकळा व बहुधा पातेही त्यात निकामी होते. परंतु पाते बाजारात मिळते, बोट मिळत नाही.

असे महाग यंत्र प्रत्येकास परवडेल असे नाही. तथापि, अडचण म्हणून काढून ठेवलेली पट्टी परत बसविण्यास खर्च कसला? ज्ञातिबांधवांनी यंदा दसऱ्याला हत्यारांची पूजा करण्यापूर्वी एवढे अवश्य करावे.