मूक अक्षरांचें मूळ

'डेट' म्हणजे ऋण. ह्या इंग्रजी शब्दांतील मूक 'बी' विद्यार्थ्यानें गाळला कीं परीक्षकाची लाल शाई तत्काळ धांवते. वस्तुतः फ्रेंचमधून इंग्रजींत आलेल्या मूळ शब्दांत तो नव्हताच. लॅटिन 'डेबिटम'शीं असलेलें नातें दाखविण्याच्या हौसेनें विद्वानांनीं तो मागाहून घुसडला. उच्चार जुनाच राहिला. शेक्सपिअरच्या 'लव्ह्‌ज लेबर्स लॉस्ट' ह्या १५९८ सालीं छापलेल्या नाटकांतला पंतोजी, लोक हा 'बी' उच्चारीत नाहींत म्हणून बिचारा संतापतो! येथें निदान नातें तरी खरें. बेट ह्या अर्थाचा 'आयलंड' हा तर अस्सल इंग्रजी शब्द. त्यांत 'एस' शिरला तो लॅटिनोद्भव 'आइल'च्या संगतीनें, मुळांत कांहीं एक संबंध नसतां. डॉक्टर जॉन्सनच्या १७५५ च्या कोशांत हीं दोन्ही अक्षरें तशींच कायम राहिलीं.